केस राठ होतात, तुटतात, फाटे फुटतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात माझं लहानसं पार्लर आहे. माहेर वडगावचं, घरात माग. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले तेव्हा वडील म्हणाले होते, "बरं झालं, सुतात अडकणार नाहीस." आता चौदा वर्षं झाली, रोज धागेच हातात असतात, फक्त ते लोकांच्या डोक्यावरून येतात. खुर्चीत बसलं की बायका फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. बेळगावकडे बायकाही "मी येतो, मी लावतो" म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी प्रश्न कुणा बाप्याचा समजू नये.

"अक्का, केस मेलेला असतोय म्हणतात. मग वाढतोय कसा?"

वाढतं ते मूळ. टाळूच्या कातडीखाली तीन-चार मिलिमीटरवर केसाची मुळी असते. तिथे पेशी सतत नव्या होतात, वर ढकलल्या जातात, वर येता येता केराटिन नावाच्या प्रथिनानं भरून कडक होतात आणि मरतात. कातडीबाहेर जे दिसतं त्यात रक्त नाही, नस नाही. नख, शिंग, खूर ही सगळी त्याचीच भावंडं.

मागावरून कापड पुढे सरकत येतं तसं समजा. माग चालू असतो, कापड निर्जीव. माग बंद पडला तर कापड यायचं थांबतं. पण विणून बाहेर आलेल्या कापडाला खोच लागली तर माग काही मागे वळून रफू करत नाही. "केसांना आतून पोषण" म्हणून जे जे विकलं जातं, ते घेण्याआधी हे आठवावं.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटरची वेणी असेल तर तिचा शेंडा चार-पाच वर्षांचा जुना. चार-पाच वर्षं रोज नेसलेली, आपटून धुतलेली, उन्हात वाळवलेली साडी डोळ्यांपुढे आणा. मुळाशी केस मऊ आणि शेंडे राठ का, हे वेगळं सांगायला नको.

"एवढ्याशा केसात आत असतंय तरी काय?"

आधी एक खेळ करा. एक लांब केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे चोळा. केस एकाच बाजूला सरकायला लागेल. आता तो उलटा धरून चोळा. या वेळी तो दुसऱ्या बाजूला जाईल, पण नीट बघितलंत तर दोन्ही वेळा तो मुळाच्याच दिशेनं गेलेला असतो. माझ्या मुलानं हा खेळ वर्गात नेला आणि पोरं तासभर एकमेकांचे केस उपटत बसली, तेव्हा बाई मला बोलल्या.

हे होतं कारण केसावर खवले असतात. खानापूरकडच्या घरांवर मंगळुरी कौलं एकावर एक चढवलेली असतात तसे, आणि सगळ्यांच्या कडा शेंड्याकडे. मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की अडतं. अख्खा केसच जेमतेम ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड. त्यावर या कौलांचे पाच ते दहा थर, आणि एकेक कौल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मं. सगळ्यात वरच्या कौलांवर मेदाचा एक अतिशय पातळ लेप असतो. तो तेलासारखा वरून लावलेला नसून खवल्याला रासायनिक बंधानं चिकटलेला असतो. केस जन्मतानाच तो घेऊन येतो. ब्लीचनं तो एकदा गेला की गेला.

मागवाल्यांना हे लगेच कळतं. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला खळ देतात, म्हणजे धागा घासला तरी पिसकारत नाही. खवले आणि तो लेप ही केसाची खळ. खळ उतरली की आतला धागा उघडा पडतो.

आतला धागा म्हणजे केसाचा गाभा, वजनानं सगळ्यात मोठा भाग. त्यात केराटिनचे मळसूत्रासारखे तंतू एकमेकांभोवती पीळ घालून जुड्यांनी उभे असतात, काथ्याच्या दोरखंडासारखे. केसाचा रंग देणारे मेलॅनिनचे कणही इथेच. या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध वेगवेगळे आहेत. गंधकाचे बंध सर्वांत दणकट, ते पाण्यानं सुटत नाहीत. केसाच्या वजनात ४ ते ५ टक्के गंधकच असतं, म्हणून केस जळला की तो वास येतो. हायड्रोजनचे बंध मात्र पाणी लागताच सुटतात आणि वाळताना पुन्हा बसतात. ओली वेणी बांधून झोपलं की सकाळी केसांना नागमोड येते ती यांच्यामुळे. गाभ्याच्या मधोमध कधी कधी पोकळसर नळी असते, बारीक केसांत ती नसतेही. तिच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही.

जाता जाता एक सांगते, कारण मला त्याची गंमत वाटते. या तंतूंची रचना क्ष-किरणांनी उलगडायला सुरुवात झाली ती १९३० च्या दशकात, इंग्लंडमधल्या लीड्स या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात. विल्यम अ‍ॅस्टबरी तिथे कापडाचं भौतिकशास्त्र शिकवायचे. म्हणजे हे शास्त्रही विणकरांच्याच गल्लीतून आलेलं.

"ओली केसं विंचरलेली चालतंय काय?"

शक्यतो नको. आणि इथे सुताचा दाखला उलटा पडतो. सुती धागा ओला झाला की जास्त मजबूत होतो, केस ओला झाला की कमजोर. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पितो, जाडीनं फुगतो, लांबीनं मात्र फारसा वाढत नाही. फुगल्यावर कौलांच्या कडा उचलल्या जातात आणि फणी नेमकी त्यात अडकते. ओला केस ओढला की लांबतो. थोडा लांबला तर परत येतो, साधारण एक तृतीयांशाच्या पुढे गेला की आत कायमचं काहीतरी तुटलेलं असतं.

त्यामुळे न्हायच्या आधी कोरडे केस विंचरून गुंता काढा. न्हाल्यावर पंचा घ्या, जाड टर्किशचा टॉवेल नको. पंचा केसांभोवती गुंडाळून दाबा. आमच्याकडे केस झटकायची, पंच्यानं फटाफट आपटायची पद्धत आहे, पाणी उडतं आणि बरं वाटतं. पण प्रत्येक फटक्याला कौलं फुटतात. अर्धे वाळले की रुंद दातांच्या कंगव्यानं आधी शेंडे, मग मध्य, मग मूळ. कुरळ्या केसांचं गणित वेगळं आहे: ते कोरडे विंचरले तर जास्त तुटतात. त्यांनी ओल्या केसांना कंडिशनर लावून, बोटांनी किंवा रुंद कंगव्यानं, तो धुवायच्या आधीच गुंता सोडवावा.

"फाटे फुटलेली केसं पुन्हा जुळतात काय?"

नाही.

सीरम लावल्यावर जुळल्यासारखे दिसतात, कारण त्यातलं सिलिकॉन दोन्ही फाटे एकत्र चिकटवतं. पुढच्या न्हाण्याला ते धुऊन जातं. त्यात लबाडी काही नाही, तोवर केस अडकत नाहीत आणि फाटा वर चढत नाही, हा फायदाच. फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नये.

फाटा म्हणजे शेंड्यावरची सगळी कौलं झिजली आणि आतल्या तंतूंच्या जुड्या सुटल्या. पदराची कड उसवली की कसे दशा सुटतात, तसं. न कापता ठेवला तर ते उसवणं वर सरकतं. कात्रीनं फाट्याच्या थोडं वर कापा आणि कात्री धारदार ठेवा. बोथट कात्री केस चेमटवते आणि महिन्याभरात तिथेच नवा फाटा. घरातली कापडाची कात्री वापरायला हरकत नाही, पण ती आधी प्लास्टिकच्या पिशव्या कापायला वापरलेली नसावी.

कधी कधी केसावर मध्येच पांढरा ठिपका दिसतो, कोंड्याचा कण असावा तसा, पण तो निघत नाही. भिंगातून बघितलं तर दोन झाडू एकमेकांत खुपसल्यासारखं दिसतं. तिथे केस आतून मोडलेला आहे आणि तिथूनच तुटणार.

"बोअरच्या पाण्यानं केसं गळत्यात काय ओ?"

मुळापासून गळत नाहीत. राठ होतात, गुंततात आणि मधून तुटतात, आणि न्हाणीघराच्या जाळीत दोन्ही सारखेच दिसतात.

शहराला नळानं येणारं पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं, म्हणजे मार्कंडेय आणि घटप्रभेचं. नदीचं पाणी त्यातल्या त्यात हलकं. नवीन अपार्टमेंटमध्ये मात्र बोअरचं पाणी मिसळतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीला पांढरी रेघ, गिझरच्या कॉइलवर कवच, साबणाला फेस नाही, हे दिसलं की पाणी जड समजा. अशा पाण्यात साबणानं डोकं धुतलं तर क्षार आणि साबण मिळून न विरघळणारा चिकट साका होतो आणि तो कौलांच्या फटीत बसतो. वर साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० च्या घरात, टाळूचा साडेपाचच्या आसपास. त्यानंही केस फुगतो.

अंगाचा साबण डोक्याला लावू नका, हा पहिला उपाय, फुकटातला. पाणी उकळून थंड केलं तर काही क्षार तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी शेवटच्या दोन तांब्यांना वापरा. लिटरभर पाण्यात चमचाभर साधा व्हिनेगर घालून शेवटचं पाणी घेतलं की कौलं बसतात आणि केस मोकळे होतात. लिंबूही चालतं, गाळून आणि तेवढंच पातळ. मात्र नंतर लगेच उन्हात जाऊ नका, लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडीवर काळे डाग पडतात. महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए असलेला शाम्पू क्षार ओढून काढतो, बाटलीच्या मागे घटकांत ते नाव असतं.

माझी आजी खानापूरकडची. पावसाळ्यात पागोळीखाली घंगाळ लावायची आणि त्याच पाण्यानं न्हायची. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायची, कौलांवरची घाण उतरते म्हणून. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"मी रोज तेल लावतो, तरी केसं राठच. कुठलं तेल लावू?"

खोबरेल, आणि न्हायच्या आधी. यावर मुंबईतल्या संशोधकांनी केलेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना केसातून जे प्रथिन निघून जातं ते कमी केलं फक्त खोबरेलानं. कारण त्यातलं मुख्य मेदाम्ल, लॉरिक आम्ल, लहान आणि सरळ साखळीचं असतं. ते गाभ्यात शिरतं आणि मग पाण्याला आत फुगायला जागा कमी राहते. सूर्यफुलाच्या तेलाचे रेणू बोजड, ते वरच बसतात.

रोज तेल चोपून, न धुता, त्यावर पुन्हा तेल, हे मात्र नको. त्यावर धूळ बसते, आणि कोंडा असेल तर तो वाढतो. कोंड्याचं बुरशीसारखं यीस्ट टाळूवरच्या तेलावरच जगतं. न्हायच्या आदल्या रात्री किंवा निदान एक-दोन तास आधी, केसांच्या मधल्या भागापासून शेंड्यांपर्यंत तेल लावा. टाळूला चमचाभर पुरे. मालिशनं केस दाट होतात असं मी सांगणार नाही, पण झोप चांगली लागते.

"शिकेकाई चांगली की शाम्पू?"

दोन्हीत काम तेच होतं. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, ते फेस करतं आणि तेल धरून पाण्याबरोबर नेतं. शिकेकाई थोडी आंबट असते, म्हणून साबणापेक्षा केसाला मानवते. पण रविवार पेठेतून आणलेली जाडीभरडी पूड तशीच डोक्यावर चोळली तर ती सॅण्डपेपर होते. रात्री शेंगा भिजत घाला, सकाळी उकळा, कुस्करा आणि फडक्यातून गाळून फक्त पाणी घ्या. रिठा डोळ्यात गेला तर दिवसभर डोळे लाल.

शाम्पू वापरायचा तर टाळूवर वापरा. शेंड्यांना वरून ओघळणारा फेस पुरतो. शाम्पू हा शब्द मुळात आपल्याकडच्या चंपीवरूनच गेलाय. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायटनला मालिशचं न्हाणीघर काढलं, तिथून तो रुळला आणि दीडशे वर्षांनी पाकिटात भरून परत आला.

"कंडिशनर म्हणजे पैशे घालवायचा धंदा नव्हं?"

उलट, राठ केसांना एकच वस्तू घ्यायची असेल तर मी कंडिशनर घ्यायला सांगेन. खळ उतरलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो, कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन. त्यामुळे तो जिथे केस जास्त झिजलाय तिथेच जास्त चिकटतो. दोन मिनिटं शेंड्यांना, मग धुवा. महाग-स्वस्त यात फरक मुख्यतः वासाचा.

"मेंदी लावतो, त्यानं काय होत नाही ना? आणि ती दहा मिनिटांची काळी मेंदी?"

निव्वळ मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केराटिनला चिकटतं आणि केशरी-तांबडा रंग देतं. केस थोडा कोरडा होतो, दुसऱ्या दिवशी तेल लावलं की भागतं. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली की रंग गडद होतो, ती टॅनिन आणि लोखंडाची करामत.

दहा मिनिटांत काळा रंग देणारी मेंदी ही मेंदी नव्हेच. त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, जे काळ्या डायमध्ये असतं तेच. काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते: टाळूला खाज, कानामागे पाणी सुटणं, कपाळ-पापण्या सुजणं. वर्षानुवर्षं लावणाऱ्या बाईलाही अचानक येऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी आधी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा. माझ्या पार्लरात यासाठी थांबायला तयार नसलेल्या चार-पाच जणी दुसरीकडे गेल्या आहेत. जाऊ देत.

"लग्न आहे, केसं सरळ करून घेऊ काय? केराटिन करू की स्मूदनिंग?"

स्मूदनिंग आणि रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटचं क्रीम गंधकाचे बंध तोडतं, केस सरळ ओढून इस्त्री करतात, आणि दुसरं क्रीम, हायड्रोजन पेरॉक्साइडचं, बंध नव्या जागी पुन्हा जोडतं. सगळे पुन्हा जुळत नाहीत. जेवढे जुळायचे राहिले तेवढी ताकद कायमची गेली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बाविसाव्या वर्षी, थोरल्या भावाच्या लग्नाआधी, मी एका पार्लरात केस सरळ करून घेतले. मुलगी क्रीम लावून फोनवर बोलायला गेली आणि वीस मिनिटांचं पाऊण तास झालं. धुताना केस शेवयांसारखे मऊ लागले. बट ओढली तर लांबत गेली आणि परत आलीच नाही. हळदीच्या दिवशी कानाच्या पातळीवरून केस तुटायला लागले. लग्नाच्या फोटोत माझा अंबाडा आहे तो विकतचा. तेव्हापासून मी कुणाच्या डोक्याला क्रीम लावलं की फोन आत ठेवते.

"केराटिन" म्हणतात त्यात नावापुरतंच केराटिन. खरं काम फॉर्मॅल्डिहाइड किंवा ग्लायॉक्सिलिक आम्ल आणि २००-२३० अंशांची इस्त्री करते. फॉर्मॅल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. "फॉर्मॅलिन नाही" असं लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं, आणि अशा उपचारानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. मी हे करायचं बंद केलंय. गिऱ्हाईक कमी झालं, खोटं कशाला बोलू.

एका दिवसापुरते सरळ हवे असतील तर साधी इस्त्री, १८० अंशांच्या आत, पूर्ण वाळलेल्या केसांवर, एका बटेवरून एकदाच. ओल्या केसाला इस्त्री लावली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसातच बुडबुडे होतात, आणि चर्र असा आवाज येतो. तो आवाज आला की थांबा.

"आम्ही निपाणीला वखारीत जातोय. तंबाखूनं केसं खराब होत्यात काय?"

धुळीनं होतात. तंबाखूची बारीक भुकटी खरखरीत असते आणि तेलकट केसाला चिकटते; मग ती कौलांवर दिवसभर घासत राहते. आमच्या वडगावात मागाच्या खोलीत रुवा उडतो, तिथेही तेच. कामावर जाताना केसाला तेल लावायचं नाही, ते घरी आल्यावर. वेणी घालून वर सुती फडकं कानामागून घट्ट बांधा. परत आल्यावर आधी फडकं घराबाहेर झटका, मग कोरडे केस विंचरा, मगच पाणी. धूळ असताना ओले केलेत तर लगदा होतो.

"माझ्या डोक्यात जट आलीय. यल्लम्माची आहे म्हणतात. काढली तर कोप होतोय काय?"

हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. शटर अर्धं ओढल्यावर विचारतात.

यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर-निपाणीकडून गाड्याच्या गाड्या जातात, आमच्याही घरातून जातात. श्रद्धेवर मला काही बोलायचं नाही. पण जट कशी होते ते सांगते, कारण ते केसाच्याच रचनेत आहे.

मघाचा चिमटीतला खेळ आठवा. प्रत्येक केस घर्षणानं मुळाच्या दिशेनं सरकतो. गळलेले केस विंचरून काढले नाहीत, न्हाणं लांबलं, आजारपणात महिनाभर अंथरुणावर डोकं घासलं गेलं, की गळलेले केस जिवंत मुळाच्या केसांत शिरतात आणि कौलं एकमेकांत अडकतात. धनगर लोकर भिजवून, तुडवून जेन करतात ते याच खवल्यांच्या जोरावर. तिथे सूत कातत नाहीत, विणत नाहीत, तरी लोकरीची घट्ट पथारी होते. डोक्यावर तेच होतं. त्यात तेल, धूळ, भंडारा बसला की ती सुटत नाही. वैद्यकात या अवस्थेला वेगळं नाव आहे आणि ती जगभर दिसते, जिथे यल्लम्माचं नावही कुणाला माहीत नाही तिथेही.

पूर्वी जट आली म्हणून मुली देवीला सोडल्या जायच्या. कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे.

हुक्केरीकडची एक मावशी आली होती. नऊ वर्षांची जट, मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली. मान एका बाजूला कललेली. दोन तास मी नुसतं खोबरेल जिरवत होते आणि ती "कोप हुईल का गं बाई" म्हणत होती. शेवटी टाळूपासून बोटभर अंतर ठेवून कात्री लावली. करवतीसारखा आवाज येतो. रक्त आलं नाही, दुखलं नाही, कारण त्यात दुखण्यासारखं काही जिवंत नव्हतंच. खाली टाळूला ओल आणि दोन जखमा होत्या, त्यासाठी तिला सिव्हिलच्या चर्मरोग विभागात पाठवलं. ती आरशात बघायच्या आधी मान डावीकडे-उजवीकडे वळवून बघत होती. जट तिनं धुतलेल्या फडक्यात बांधून नेली, डोंगरावर वाहायला. मी "टाकून द्या" म्हटलं नाही.

"केसं गळत्यात की तुटत्यात, कळायचं कसं?"

पडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळला. दोन्ही टोकं सारखी असतील तर तुटला. तुटण्यावर उपाय वर आले. दिवसाला ५० ते १०० केस गळणं हा नेहमीचा हिशेब, डोक्यावर सुमारे एक लाख असतात. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळतात. ते बहुतेक वेळा आपोआप भरतात. पण चट्टे पडत असतील, भांग रुंदावत असेल, पाळी अनियमित असेल किंवा दम लागत असेल तर पार्लरात नको, डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला लागतं. शाळेच्या दोन घट्ट वेण्यांनी कपाळावरचे केस विरळ झालेल्या मुली मी दर जूनमध्ये बघते. वेणी सैल घाला, इतकंच.

"बायोटीनच्या गोळ्या? अंडं लावू?"

अंडं खा. लावलेल्या अंड्यातली प्रथिनं एवढी मोठी असतात की कौलांखाली शिरतच नाहीत. बायोटिन शरीरात कमी असणं विरळा. आणि मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या रक्ततपासणीत चुकीचे आकडे येऊ शकतात, म्हणून लॅबमध्ये आधी सांगा. हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, डाळ, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी: घरात हे असलं तर डबे विकत घ्यायची घाई नको.

"चमनगोटा केला की दाट येत्यात म्हणं?"

कापलेला शेंडा बोथट असतो, म्हणून टोचतो आणि जाड वाटतो. मुळं तेवढीच.

"भांडीवाला गळालेली केसं घेतोय. त्याचं काय करतात?"

गंगावणं आणि टोप. गल्लीतून "केसांवर भांडी" ओरडत जाणारा माणूस फणीत अडकलेले गुंते घेतो. ते पुढे साफ करायला जातात, कोप्पळजवळच्या भाग्यनगरात हा मोठा धंदा आहे. फणीतल्या केसांची मुळं-शेंडे उलटसुलट झालेली असतात, त्यामुळे कौलं एकमेकांत अडकतात. म्हणून ते केस आम्लात बुडवून कौलंच काढून टाकतात आणि वर सिलिकॉन चढवतात. देवस्थानात एका वेळी उतरवलेले केस एका दिशेचे असतात, त्यांना कितीतरी पट भाव. मी पार्लरातल्या मुलींना कापलेली वेणी दोन्हीकडे रबर लावून, मुळाच्या बाजूला लाल दोरा बांधून ठेवायला सांगते. लाल दोरा असला की भांडीवाला एक पातेलं जास्त देतो.